गोठ्यातला डास

भारतात अ‍ॅनोफिलीस डासाच्या सुमारे ५८ जाती आहेत. माणसाला हिवताप देणाऱ्या त्यांतल्या मोजक्याच. खेड्यापाड्यांतल्या हिवतापाचा मोठा वाटा, साधारण साठ टक्क्यांहून अधिक, एकाच जातीच्या खात्यावर मांडला जातो: अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसिस. दख्खनचे पठार, वऱ्हाड, खानदेश, गुजरात आणि माळवा हा या डासाचा मुलूख, आणि बुलढाणा जिल्हा त्याच्या ऐन मध्यावर. नाव तोंडात बसायला अवघड असले, तरी गावाशी या डासाची ओळख जुनी आहे. दिवसा गोठ्यात शिरून आढ्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बॅटरी मारली, की कुडाला चिकटून बसलेले जे बारीक तपकिरी डास दिसतात, त्यांत तो हमखास असतो. हिवतापाचा डास भिंतीवर तिरपा बसतो, टाचणी टोचल्यासारखा, असे शाळेच्या पुस्तकात शिकवतात. हा मात्र त्या मानाने सपाट बसतो, साध्या क्युलेक्स डासासारखा. १९०१ साली गाइल्स या कीटकशास्त्रज्ञाने त्याला दिलेल्या नावाचा अर्थच ‘क्युलेक्ससारख्या चेहऱ्यामोहऱ्याचा’ असा आहे. चोर साध्या वेशात फिरतो, एवढे तरी त्या नावावरून ध्यानात राहावे.

या डासाला लागते ते स्वच्छ, गोडे, उन्हातले आणि फारसे न हलणारे पाणी. गटारीच्या काळ्या पाण्याशी त्याला देणेघेणे नाही, ते क्युलेक्सचे घर. बुलढाणा जिल्ह्याची जमीन जुन्या वऱ्हाडी हिशेबाने दोन भागांत पडते. उत्तरेला पूर्णा नदीचे सपाट खोरे, म्हणजे पयनघाट. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा उंच भाग, म्हणजे बालाघाट. पूर्णा, नळगंगा, विश्वगंगा, खडकपूर्णा आणि याच जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा या नद्या वर्षभर वाहत्या नसतात. पावसाळ्यात पूर येतो तेव्हा अळ्या वाहून जातात. धोका असतो तो पूर ओसरल्यावर. भाद्रपद-आश्विनात धार बारीक होते आणि पात्रात खडकांच्या खळग्यांतून, वाळू उपसलेल्या खड्ड्यांतून निवळशंख पाण्याची डबकी मागे राहतात. काठाला थोडे गवत, वर ऊन. क्युलिसिफेसिसच्या मादीला अंडी घालायला याहून बरी जागा मिळायची नाही. विहिरी, कालवे, पाटाच्या कडेला झिरपून साचलेले पाणी आणि शेततळ्यांचे उथळ काठ हीसुद्धा तिचीच ठिकाणे. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, डोंगरातून झुळझुळ येणारे ओढे आहेत. अशा संथ वाहत्या स्वच्छ पाण्यात फ्लुविएटिलिस ही दुसरी वाहक जात वाढते.

पाऊस जास्त तर डास जास्त, हा समज त्यामुळे अर्धाच खरा. या डासाने केलेला सर्वांत मोठा संहार अवर्षणात झाला. १९३४-३५ साली श्रीलंकेत, त्या वेळच्या सिलोनमध्ये, पाऊस रुसला, वाहत्या नद्या आटून त्यांची डबक्यांची माळ झाली आणि त्या डबक्यांत क्युलिसिफेसिस फोफावला. त्या साथीत सुमारे ८० हजार माणसे दगावली. वऱ्हाडातल्या नद्या दरवर्षीच डबक्यांच्या माळा होतात, म्हणून हे उदाहरण इथे परके नाही.

डबक्यात अळी आहे की नाही, हे पाहायची रीत साधी आहे. आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातात लांब दांड्याचे, आतून पांढरे भांडे असते. त्याला डिपर म्हणतात. आपली सावली पाण्यावर पडू न देता ते काठाशी हलकेच बुडवायचे. सावली पडली किंवा पाणी हलले, की अळ्या खाली बुडी मारतात, मग मिनिटभर थांबावे लागते. पांढऱ्या भांड्यात पाणी स्थिर झाल्यावर अ‍ॅनोफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी तरंगताना दिसते. क्युलेक्सची अळी डोके खाली करून लटकते, कारण तिच्या शेपटाशी श्वास घेण्याची नळी असते. अ‍ॅनोफिलीसला ती नळी नाही, म्हणून तिला सगळे अंग पाण्याच्या वरच्या पापुद्र्याशी लावून पडावे लागते. पाठ वर आणि पोट खाली अशा अवस्थेत ती डोके पूर्ण अर्धा फेरा फिरवते आणि पृष्ठभागावरचे शेवाळाचे कण ओढून घेते. तिचे खाणे आणि श्वास दोन्ही त्या पातळ थरावर चालतात. डबक्यावर तेल सोडण्याचा जुना उपाय याच कारणाने लागू पडे, आणि पुढच्या बऱ्याच उपायांची युक्तीही इथेच आहे. उबदार दिवसांत अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य खाते सांगते, त्यामागे हा हिशेब आहे.

हिवतापाचा जंतू डासातून येतो हे कळायलाच १८९७ साल उजाडले. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात जंतू पाहिला होता; तो रक्तात शिरतो कसा, याचा पत्ता नव्हता. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटाच्या भिंतीवर त्या जंतूच्या गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी जंतूचा डासातला प्रवास सोंडेपर्यंत लावून दाखवला. १९०२ चे नोबेल त्यांना मिळाले. पण रॉस यांच्या शोधाने प्रश्न सुटला नाही, तो नीट मांडला गेला. डास हजारो आहेत. दोषी कोणता, तो राहतो कुठे, चावतो कोणाला, चावल्यावर जातो कुठे? मुंबईत बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातल्या विहिरी आणि टाक्यांत वाढणाऱ्या स्टीफेन्साय जातीकडे बोट दाखवले. ग्रामीण भागातल्या जातींची अशी खोलवर ओळख व्हायला आणखी काही दशके जावी लागली.

ती ओळख करून घेणाऱ्यांत मुंबई इलाख्याच्या हिवताप विभागातले दोन शास्त्रज्ञ पुढे होते: डॉ. डी. के. विश्वनाथन आणि कीटकशास्त्रज्ञ टी. रामचंद्र राव. राव पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झाले आणि भारतातल्या अ‍ॅनोफिलीस डासांवरचा त्यांचा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो. या दोघांनी इलाख्याच्या दक्षिणेकडचे कारवार आणि धारवाड हे जिल्हे निवडले. कारवारचे डोंगरी जंगल आणि धारवाडचे पठार असे दोन वेगळे प्रदेश त्यांत येत होते. १९४६ मध्ये तिथल्या घरांच्या भिंतींवर आतून डीडीटी फवारले गेले. स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये ओळखला होता आणि महायुद्धात सैन्याने ते वापरले होते. खेड्यातल्या घरोघरी ते पद्धतशीर वापरून हिवताप हटवता येतो, हे दाखवणाऱ्या जगातल्या आरंभीच्या प्रयोगांत कारवार-धारवाडचे काम मोडते.

भिंतीवरच का फवारायचे? पाण्यातल्या अळ्या मारणे सरळ वाटते, पण खेड्यातले प्रत्येक डबके गाठणे अशक्य. डासाची एक सवय मात्र माणसाच्या पथ्यावर पडते. मादी रक्त पिते तेव्हा तिचे वजन दुपटीच्या आसपास जाते. जड झालेली मादी लांब उडत नाही, जवळच्या भिंतीवर टेकते आणि रक्त पचेपर्यंत तिथेच बसते. त्या भिंतीवर विष असेल, तर पायांवाटे ते तिच्या अंगात जाते. पण त्याआधी ती चावलेली असते! फवारणीने चावा चुकत नाही, मग हिवताप कसा थांबतो?

याचे उत्तर डासाच्या वयात आहे. रुग्णाच्या रक्तातून डासात गेलेला जंतू लगेच दुसऱ्याला बाधत नाही. डासाच्या पोटात त्याची वाढ होऊन तो लाळग्रंथीत पोहोचायला, उबदार हवेतही, दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे हिवताप पसरवायला डास म्हातारा व्हावा लागतो. समजा रोज दहातला एक डास मरतो. तर दहा दिवसांनी शंभरातले सुमारे पस्तीस जिवंत राहतील. रोज दहातले दोन मेले, तर दहाव्या दिवशी शंभरातले अकराच उरतील. आणि रोज निम्मे मेले, तर हजारातला जेमतेम एक. रोजचे मरण थोडे वाढले, तरी घातक वयाला पोहोचणारे डास कितीतरी पटीने घटतात. मादी दर दोन-तीन दिवसांनी रक्त पिते आणि दर वेळी भिंतीवर बसते, त्यामुळे दहा दिवसांत तिला चार-पाच वेळा त्या विषारी भिंतीशी गाठ घ्यावी लागते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात हे गणित रीतसर मांडले. गावातले सगळे डास मारायची गरज नाही, ते म्हातारे होऊ दिले नाहीत तरी पुरे. गावात डास दिसतात, म्हणजे फवारणी फुकट गेली, असे म्हणणाऱ्यांना हे गणित सहसा कोणी समजावून सांगत नाही.

कारवार-धारवाडचे निकाल पाहून मुंबई इलाख्याने हे काम इतर हिवतापग्रस्त जिल्ह्यांत नेले आणि एप्रिल १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेशात होता. नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५८ मध्ये कार्यक्रमाच्या नावातला ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन ‘निर्मूलन’ आला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा एक लाखाच्या आसपास उतरला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात एवढी मोठी घसरण क्वचितच झाली असेल.

मग ती टिकली का नाही? एक कारण भिंतीतच होते. वऱ्हाडातले घर मातीचे, आणि मातीच्या घराला सारवण लागते. पोळा, दसरा, दिवाळी आली की भिंती शेणामातीने लिंपून निघतात. डीडीटीचा थर दर चौरस मीटरला एक ग्रॅम या मापाने दिला, तर तो दहा-बारा आठवडे टिकावा अशी अपेक्षा. फवारणीनंतर पंधरा दिवसांत सण आला, की तो थर शेणाच्या लिंपणाखाली गाडला जातो आणि भिंत डासाला पुन्हा निर्धोक होते. गृहिणीला दोष देण्यात अर्थ नाही. डीडीटीचे पांढरे ओघळ आणि उग्र वास घरात कोणाला आवडणार? देवघर आणि स्वयंपाकघर फवारू न देणे हेही ओघाने आलेच. सुरुवातीच्या वर्षांत लोक फवारणीचे स्वागत करत, त्याचे कारण हिवताप नव्हे, ढेकूण होते. डीडीटीने खाटेतले ढेकूण मरत. पुढे ढेकूण डीडीटीला सरावले, आणि फवारणीवाल्यांसाठी घराची दारे तेवढ्या उत्साहाने उघडेनाशी झाली.

ढेकणांसारखे डासही सरावले. क्युलिसिफेसिस डीडीटीला दाद देत नाही, हे १९५९ च्या सुमारास गुजरातच्या पंचमहाल भागात प्रथम दिसले. डीडीटीला जे मोजके डास अंगभूत गुणामुळे दाद देत नव्हते तेच मागे उरले, त्यांचीच पिल्ले वाढली आणि काही वर्षांत सगळी वस्ती तशी झाली. पुढे बीएचसी, मग मॅलेथिऑन, मग पायरेथ्रॉइड अशी औषधे बदलत गेली आणि डास त्यांनाही एकामागून एक सरावत गेला. शेतात कपाशीवर याच कुळातली कीटकनाशके वर्षानुवर्षे पडत आली आहेत. कापूस पिकवणाऱ्या मुलखात डासाला त्यांची सवय शिवारातही लागू शकते. भरीस भर म्हणून साथ ओसरल्यावर पैसा आणि लक्ष दोन्ही कमी झाले, तेलटंचाईच्या काळात औषधे महागली. १९७६ मध्ये देशातल्या रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. १९७७ मध्ये सरकारने निर्मूलनाचा हट्ट बाजूला ठेवून सुधारित कार्ययोजना आणली.

१९८० च्या दशकापासून एक नवी गुंतागुंत पुढे येत गेली. डोळ्यांना एकच दिसणारा क्युलिसिफेसिस प्रत्यक्षात एक नसून भावंडांचा गट आहे. मुख्यतः डासाच्या अंडाशयातल्या पेशींमधील गुणसूत्रांवरचे पट्टे तपासून शास्त्रज्ञांनी त्यात ए, बी, सी, डी आणि ई अशा पाच जाती वेगळ्या काढल्या. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम जगभर वाखाणले गेले. यांतली बी जात हिवतापाची फार दुबळी वाहक आहे. ई सोडली, तर बाकी भावंडांना माणसापेक्षा गुराचे रक्त अधिक प्रिय. गोठ्यातल्या डासांच्या पोटातले रक्त तपासले, तर बहुतेक गाई-म्हशींचे निघते. म्हणजे गोठा हे डासाचे घर आणि माणसाची ढालही. शेतात ट्रॅक्टर आला, दावणीचे बैल घटले, तर भुकेला डास कुठे वळेल, हा प्रश्न वऱ्हाडापुरता तरी अभ्यासण्याजोगा आहे.

याच मलेरिया संशोधन केंद्राचे दीर्घकाळ संचालक होते कीटकशास्त्रज्ञ डॉ. विनोद प्रकाश शर्मा (१९३८–२०१५). सत्तरच्या दशकात दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचा एक संयुक्त गट डासांचे नर निर्बीज करून गावांत सोडण्याचे प्रयोग करत होता. शर्मा त्यात होते. या प्रयोगांमागे परकीय हेतू असल्याचा गदारोळ वृत्तपत्रांत आणि संसदेत झाला आणि १९७५ मध्ये तो गट गुंडाळला गेला. त्यानंतर शर्मा यांनी धरलेली वाट अगदी उलट टोकाची, म्हणजे फावडे, टोपले आणि मासे यांची होती. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९८१ मध्ये हिवतापाची मोठी साथ आली. फवारणी चालू असूनही ती आली होती. १९८३ पासून शर्मा आणि सहकाऱ्यांनी नडियाद तालुक्यातल्या काही गावांत कीटकनाशकाशिवाय हिवताप रोखून दाखवण्याचा प्रयत्न सुरू केला आणि गावांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवत नेली.

या पद्धतीला त्यांनी जैव-पर्यावरणीय नियंत्रण म्हटले. नाव भारदस्त, पण काम गावच्या सरपंचाला समजेल असे होते. गावात फिरून पाणी साचणारी प्रत्येक जागा वहीत मांडायची. खड्डे बुजवायचे, सांडपाण्याला शोषखड्डे करायचे, नळाची गळती थांबवायची. वापरात असलेल्या विहिरींत आणि तळ्यांत गप्पी मासे सोडायचे. पडीक विहिरींत थर्मोकोलचे बारीक मणी टाकायचे. पाण्यावर त्यांचा जाडसर थर बसला, की अळीला श्वास घेता येत नाही आणि मादीला अंडी घालायला पाणीच सापडत नाही. गोबर गॅसच्या टाकीच्या कडेला साचणाऱ्या पाण्यातही हे मणी चालत. मोठ्या तळ्यांत खायचे मासे पाळून पंचायतीला उत्पन्न मिळवून द्यायचे, दलदलीच्या जागी झाडे लावायची. हिवताप उतरला. शर्मा यांना २०१४ मध्ये पद्मभूषण मिळाले. मात्र या पद्धतीला रोज राबणारी माणसे लागतात आणि दर आठवड्याला प्रत्येक जागा पुन्हा पाहावी लागते. देखरेख सुटली, की महिन्याभरात खड्डे आणि अळ्या पूर्ववत. आणि कित्येक किलोमीटर लांब नदीपात्रातली डबकी फावड्याने बुजत नाहीत. नडियादचा धडा गावठाणाला जसाच्या तसा लागू होतो, पूर्णेच्या पात्राला नाही.

गप्पी मासा महाराष्ट्रात आता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातला रहिवासीच झाला आहे. आवारातल्या सिमेंटच्या हौदात त्यांची पैदास होते आणि मागणीप्रमाणे ते पिशवीतून गावोगाव नेले जातात. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. डासांसाठी तो विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणला गेला. नर जेमतेम एक इंचाचा, रंगीत शेपटीचा; मादी त्याच्या दुप्पट, करड्या रंगाची. अंडी न घालता ती थेट पिल्ले देते, म्हणून तळे भरायला वेळ लागत नाही. तोंड किंचित वर वळलेले, त्यामुळे पृष्ठभागावर आडवी पडलेली अळी नेमकी त्याच्या टप्प्यात येते. एक मासा दिवसाला सत्तर-ऐंशीहून अधिक अळ्या सहज फस्त करतो. विहीर, हौद, कारंजे आणि अस्तर घातलेले शेततळे या त्याच्या योग्य जागा. काठाला गवत-शेवाळ दाटले असेल, तर अळ्या त्यात लपतात. आधी काठ साफ करावा लागतो. नदी-ओढ्यात मात्र गप्पी सोडू नये. तो परका मासा आहे आणि स्थानिक माशांच्या अंडी-पिल्लांवर त्याने हात मारला, तर पुढे त्याला परत बोलावता येत नाही.

गोव्यात १९८६ नंतर बांधकामांच्या लाटेबरोबर पणजीत हिवताप वाढला, तेव्हा तिथल्या संशोधकांनी याच विचाराने स्थानिक लहान मासा आणि जिवाणू यांची जोडी वापरली. हा जिवाणू म्हणजे बीटीआय, १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यातून मिळालेला. त्याच्या पेशीत प्रथिनाचा स्फटिक असतो. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो; त्यात स्फटिक विरघळून विष मोकळे होते आणि आतड्याला भोके पडतात. माणसाच्या आणि गुरांच्या जठरातला रस आम्लधर्मी, तिथे हा स्फटिक काही करत नाही. म्हणून तो पाण्यात टाकताना धास्ती नसते. फक्त दर आठवड्या-पंधरवड्याला पुन्हा टाकावा लागतो.

झाडपाल्याकडेही संशोधकांचे लक्ष आहे. शर्मा आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले, की खोबरेल तेलात दोन टक्के कडुलिंबाचे तेल मिसळून अंगाला लावले, तर अ‍ॅनोफिलीस डास जवळपास रात्रभर दूर राहतात. बांधाबांधावर कडुलिंब असलेल्या जिल्ह्याला हे स्वस्तात परवडणारे आहे. शेजारच्या जळगावात, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या संशोधकांनी लाल चाफ्याच्या चिकापासून चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार ते स्टीफेन्साय आणि डेंगी पसरवणारा एडिस या दोन्ही डासांच्या अळ्या मारतात. असे निबंध बरेच निघतात. काचेच्या चंचुपात्रातून ओढ्यापर्यंत मात्र अजून फारसे काही पोहोचलेले नाही.

घरात साठवलेले पाणी हा बुलढाण्याचा वेगळा प्रश्न. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाण पट्टा पसरलेला आहे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या अनेक गावांत विहिरीचे पाणी खारट, पिण्याजोगे नाही. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून घराघरांत रांजण, ड्रम आणि सिमेंटच्या टाक्या भरून ठेवतात. या पाण्यात एडिस वाढतो, म्हणजे डेंगी आणि चिकुनगुन्या. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीने विदर्भ-मराठवाड्याचे सांधे कसे धरले, हे त्या पिढीच्या अजून लक्षात आहे. स्टीफेन्सायलाही अशी टाकी आवडते. घट्ट झाकण, वरून कापड बांधणे आणि आठवड्याला भांडे घासून कोरडे करणे याला इथे पर्याय नाही. नुसते पाणी ओतून दिले, तर एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून घासण्याला महत्त्व. साथ आली, की धूर फवारणीची गाडी गल्लीतून फिरते आणि लोकांना बरे वाटते. त्या धुराने उडते डास तेवढ्यापुरते मरतात. दुसऱ्या दिवशी पाण्यातून नवे निघतात, आणि घरात-गोठ्यात बसलेल्या डासापर्यंत रस्त्यावरचा धूर पोहोचतही नाही. साथीच्या ऐन भरातला तो तात्पुरता उपाय आहे, त्याहून अधिक नाही.

माणसाने खणलेल्या खड्ड्यांनीही हिवताप वाढवला आहे. १८६० च्या दशकात मलकापूर-नांदुरा-शेगाव या मार्गाने रेल्वे आली. असे लोहमार्ग आणि रस्ते देशभर कडेची माती खणून उचलले गेले, आणि त्या खड्ड्यांत पाणी साचून डास झाले. हिवतापतज्ज्ञांनी त्याला मानवनिर्मित हिवताप असे नावच दिले. अलीकडे राष्ट्रीय महामार्गांच्या भरावासाठी तलावांतला गाळ आणि मुरूम वापरून तलाव खोल करण्याचे काम या जिल्ह्यात झाले आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजले. त्याची चर्चा पाणीसाठ्यापुरती झाली. डासाच्या बाजूने पाहिले, तर रस्त्याकडेचे शंभर उथळ खड्डे टळून, उभ्या काठाचे, मासे जगतील असे एक खोल पाणी तयार होणे हा मोठाच फायदा आहे. अट एवढीच, की काठ उथळ आणि गवताळ होऊ देता कामा नये.

आज राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोली आणि मुंबईवर आहे. देशाने २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचे ठरवले आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ लसीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. पण ती फाल्सिपेरम जंतूविरुद्ध आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या मुलांसाठी आहे. व्हायवॅक्स या दुसऱ्या जंतूवर तिचा उपयोग नाही.

रुग्ण कमी झाल्यावर डासापेक्षा माणसाकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण डास जंतू घेऊन जन्मत नाही, तो माणसाच्या रक्तातूनच घेतो. म्हणून आरोग्य सेवक आणि आशा ताप आलेल्या प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतात. व्हायवॅक्स निघाला, तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यायचे असते. क्लोरोक्विनने ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. प्रायमाक्विन यकृतात दडून बसलेल्या जंतूंसाठी असते. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि रक्तात जी६पीडी हे विकर कमी असलेले लोक यांना ते देत नाहीत. बाकीच्यांनीही ताप गेल्यावर उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून दिल्या, तर काही महिन्यांनी यकृतातले जंतू पुन्हा रक्तात उतरतात, आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या डासाला जंतू मिळतो तो बहुधा अशाच घरातून.